दिमतीचा अधिकारी: ग्रुप कॅप्टन टाउनसेंड प्रकरण

मार्च १९४४ मध्ये ब्रिटिश हवाई दलातला पीटर टाउनसेंड नावाचा एकोणतीस वर्षांचा अधिकारी बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या दिमतीला रुजू झाला. बोली तीन महिन्यांची होती. राजवाड्याच्या सेवेतून तो बाहेर पडला जुलै १९५३ मध्ये. आणि तेही आपण होऊन नाही, त्याला काढून परदेशी पाठवलं म्हणून.

या नऊ वर्षांची गोष्ट जगाला ठाऊक आहे ती प्रेमकथा म्हणून. राजकन्या मार्गारेट, देखणा वैमानिक, आडवा आलेला धर्म आणि रडवेला शेवट. मला मात्र ती नोकरीची गोष्ट वाटते. एक हुद्दा, त्याची ठरलेली आणि न पाळलेली मुदत, वेळेवर न झालेली बदली, आणि शेवटी सगळा दोष खालच्या माणसाच्या पदरात. सरकारी खात्यात उमेदवारी केलेल्या कुणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल.

पागेतून आलेला हुद्दा

या पदाला इंग्रजीत 'इक्वेरी' म्हणतात. शब्द जुन्या फ्रेंचमधला, आणि त्याचा अर्थ पागा. राजाच्या घोड्यांची व्यवस्था पाहणारा तो इक्वेरी. आपल्याकडे पागेचा हिशेब ठेवणारा पागनीस होता. हुद्दा गेला आणि आडनाव राहिलं. तिकडे घोडे गेले आणि हुद्दा राहिला. (अगदीच गेले नाहीत, राजाच्या तबेल्यांचा प्रमुख आजही 'क्राउन इक्वेरी' म्हणवतो. पण तो वेगळा माणूस.)

काम काय, हे सांगणं अवघड, कारण ते कामासारखं दिसतच नाही. राजाचा दिवस कुठे सुरू होतो, कोण कधी येणार, कुणाला किती वेळ बसू द्यायचं, हे याला ठाऊक हवं. भेटीला आलेल्या माणसाला बाहेरच्या दालनात बोलतं ठेवायचं, मग आत नेऊन नाव सांगायचं आणि बाजूला व्हायचं. जेवणाच्या टेबलावर एखादी खुर्ची रिकामी पडली तर तिथे बसायचं. शिकारीला जायचं, पत्ते खेळायचे, गाडीत पुढच्या सीटवर बसायचं. आपल्या राज्यपालांच्या मागे खांद्यावरून सोनेरी दोरी सोडलेले परिसहायक उभे दिसतात, त्यांच्याशी हा हुद्दा पुष्कळसा जुळतो. फरक घराचा. राज्यपाल पाच वर्षांनी जातात. राजा कुठे जात नाही, आणि त्याचं कुटुंब त्याच वाड्यात असतं.

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. इक्वेरीची नोकरी म्हणजे हे दोन्ही रोज करायचं.

लढवय्याला वाड्यात आणणं

त्या आधी हे मानकरी बहुधा खानदानी घराण्यांतले असत. युद्धाच्या काळात सहाव्या जॉर्जने ठरवलं की प्रत्यक्ष लढलेले अधिकारी थोड्या थोड्या काळासाठी आपल्याजवळ आणायचे, वंशावळ न पाहता. कल्पना चांगली होती. टाउनसेंड तिचं पहिलं फळ.

त्याचा जन्म १९१४ चा, रंगूनचा. क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयातून १९३५ मध्ये बाहेर पडला. ३ फेब्रुवारी १९४० रोजी व्हिटबीजवळ जे हाइंकेल बॉम्बफेकी विमान पाडलं गेलं, ते त्या युद्धात इंग्लंडच्या भूमीवर कोसळलेलं पहिलं जर्मन विमान. पाडणाऱ्या तुकडीचं नेतृत्व टाउनसेंडकडे होतं. दुसऱ्या दिवशी तो त्या विमानातल्या जखमी जर्मन सैनिकाला भेटायला इस्पितळात गेला. पुढे ८५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा प्रमुख म्हणून त्याने ब्रिटनच्या हवाई लढाईत हरिकेन विमानं उडवली, दोनदा पाडला गेला. एकदा समुद्रात पडला आणि बोटीने उचलला. दुसऱ्यांदा पायाला गोळी लागून अंगठा गमवावा लागला. तरी तो पुन्हा उडाला. १९४१ मध्ये त्याचं लग्न झालं, पुढे दोन मुलगे झाले.

एवढ्या लढाया पाहिलेल्या माणसाला युद्ध चालू असताना तीन महिने वाड्यात नेमणं म्हणजे विश्रांतीच. तो आला तेव्हा थोरली राजकन्या एलिझाबेथ सतरा वर्षांची होती, धाकटी मार्गारेट तेरा.

तात्पुरता कायम होतो

नेमणूक त्याच वर्षी कायम झाली. का, याचं उत्तर राजाच्या स्वभावात सापडतं. सहावा जॉर्ज बुजरा, बोलताना अडखळणारा आणि अचानक भडकणारा होता. घरच्यांनी त्या भडक्यांना खास नाव दिलं होतं. टाउनसेंडला ते झेलता येत. १९४७ मध्ये राजकुटुंब दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेलं तेव्हाची गोष्ट. उघड्या गाडीतून जाताना राजा मागून सारखा ड्रायव्हरवर ओरडत होता. पुढे बसलेला टाउनसेंड वळला आणि त्याने राजालाच गप्प बसायला सांगितलं, नाहीतर अपघात होईल म्हणून. त्याच रस्त्यावर एक माणूस धावत येऊन गाडीला लटकला आणि राणीने त्याला छत्रीने बडवलं. मागाहून कळलं, त्याच्या हातात दहा शिलिंगची नोट होती, राजकन्येच्या वाढदिवसाची भेट. राजाने नंतर टाउनसेंडजवळ दिलगिरी व्यक्त केली.

राजाला गप्प करणारा आणि तरी नोकरीत राहणारा माणूस फार मोलाचा असतो. म्हणूनच तो सुटत नाही. विंडसरच्या बागेतलं अ‍ॅडलेड कॉटेज त्याला राहायला मिळालं होतं. दुसऱ्या मुलाचा धर्मपिता स्वतः राजा झाला. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर तीन महिन्यांहून अधिक काळ तो बायकोमुलांपासून दूर होता. तिथे रोज सकाळी घोड्यावरून रपेटीला जायचा, सोबत सोळा वर्षांची मार्गारेट असायची. १९५० मध्ये त्याला राजवाड्याच्या गृहव्यवस्थेचा उपप्रमुख केलं. त्याच वर्षीच्या विमान शर्यतीत मार्गारेटच्या नावाने उतरवलेलं हरिकेन त्याने उडवलं आणि दुसरा क्रमांक मिळवला. या सगळ्यात लपवाछपवी नव्हती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि म्हणूनच कुणाला दिसलं नाही.

माझ्या मते प्रकरणातली पहिली चूक इथली, १९५० ची. इक्वेरी लष्करातून येतो, ठराविक काळ राहतो आणि आपल्या दलात परत जातो. पदाचं सगळं शहाणपण या जाण्यायेण्यात आहे. येताना तो बाहेरचं वारं घेऊन येतो, जाताना वाड्याची गुपितं पोटात ठेवतो, आणि बढती त्याला वाड्याकडून मिळत नाही, दलाकडून मिळते. टाउनसेंडला वाड्यातच वर चढवलं, तेव्हा त्याची परतीची वाट बंद झाली. ज्या वयात हवाई दलातले त्याचे सोबती तळ सांभाळत होते, अभ्यासक्रम पुरे करत होते, त्या वयात हा पाहुण्यांच्या खोल्या लावत होता. संसारही याच काळात विस्कटला. १९५२ च्या अखेरीस घटस्फोट झाला. कायद्याने दोष पत्नीचा ठरला, टाउनसेंड निर्दोष पक्ष. पुढे या निर्दोषपणाचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही.

दुसरी चूक राजाच्या मृत्यूनंतरची. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सँड्रिंगहॅमला राजा गेला आणि थोरली एलिझाबेथ राणी झाली. ज्याच्या दिमतीला नेमलं तोच राहिला नाही, तेव्हा टाउनसेंडला सन्मानाने हवाई दलात परत पाठवण्याइतकी सोपी गोष्ट दुसरी नव्हती. झालं उलटंच. त्याला राजमातेच्या कारभाराचा प्रमुख करण्यात आलं. म्हणजे वडील गमावलेली एकवीस वर्षांची मुलगी, तिची विधवा आई, आणि त्या घराचा कारभारी म्हणून घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचा सदतीस वर्षांचा पुरुष. हे कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

लॅसल्स साहेब

१९५३ च्या पूर्वार्धात दोघांनी एकमेकांजवळ मन मोकळं केलं होतं. मार्गारेटने बहिणीला सांगितलं, टाउनसेंडने राणीचा खासगी सचिव सर अ‍ॅलन लॅसल्स याला. टाउनसेंडने पुढे आत्मचरित्रात लिहिलं की लॅसल्सचं उत्तर थोडक्यात असं होतं: तू एक तर वेडा असशील, नाहीतर वाईट.

हा लॅसल्स मराठी वाचकाने जरा थांबून पाहावा असा माणूस आहे. पहिल्या महायुद्धानंतर तो मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचा एडीसी, म्हणजे परिसहायक, होता. लॉइड त्याचे मेहुणे. याच भारतातल्या मुक्कामात १९२० मध्ये त्याने लग्न केलं ते व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या थोरल्या मुलीशी. म्हणजे बड्या साहेबांच्या दिमतीला असलेल्या तरुण अधिकाऱ्याने त्याहून बड्या साहेबांची मुलगी वरणं यात मुळात काही वावगं आहे, असं त्याला वाटण्याचं कारण नव्हतं. त्याचा आक्षेप घटस्फोटाला होता, आणि त्याला अनुभवाचा आधार होता. विसाच्या दशकात त्याने युवराज एडवर्डची नोकरी केली, वैतागून सोडली. १९३६ मध्ये तोच एडवर्ड घटस्फोटित बाईसाठी राज्य सोडून गेला तेव्हा लॅसल्स पुन्हा वाड्यात होता आणि सगळं जवळून पाहत होता. एकदा घर जळताना पाहिलेला माणूस उदबत्ती पाहूनही पाणी घेऊन धावतो.

२ जून १९५३ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत राज्याभिषेक झाला. बाहेर पडताना मार्गारेटने टाउनसेंडच्या गणवेशावरचं कसलंसं कुसळ हाताने झटकलं. पत्रकारांनी तेवढं टिपलं. परदेशी वर्तमानपत्रांनी आधी छापलं, १४ जूनला लंडनच्या 'द पीपल'ने. सगळ्या जगाला सापडलेला पुरावा म्हणजे एक कुसळ. इक्वेरीने दिसायचं नसतं, हा या नोकरीचा पहिला नियम. तो त्या क्षणी मोडला आणि तोही त्याच्या हातून नव्हे.

पंतप्रधान चर्चिल आधी विरघळले होते म्हणतात. त्यांचे सचिव कोलव्हिल यांच्या नोंदीनुसार चर्चिल यांच्या पत्नीने त्यांना सुनावलं की १९३६ मध्ये एडवर्ड राजाची बाजू घेऊन केलेली चूक पुन्हा करणार असाल तर मी वेगळं घर करून राहते. मग चर्चिलही बदलीच्या बाजूचे झाले. टाउनसेंडपुढे पर्याय ठेवले ब्रसेल्स, जोहान्सबर्ग किंवा सिंगापूर. मुलगे इंग्लंडमधल्या शाळेत होते म्हणून त्याने ब्रसेल्स निवडलं. मार्गारेट त्या वेळी राजमातेबरोबर ऱ्होडेशियात होती. ती १७ जुलैला परतणार होती, आणि याला त्याच्या दोन दिवस आधी रवाना केलं. या तारखांचं गणित कुणी केलं असेल त्याला हाताखालच्या माणसाची किंमत ठाऊक नव्हती, एवढं खरं. राणीने मात्र जाण्याआधी त्याला बेलफास्टच्या दौऱ्यावर आपला इक्वेरी म्हणून नेलं. मला त्यात थोडी भलाई दिसते.

एकशे एक्क्याऐंशी वर्षांचा कायदा

कायदा होता १७७२ चा. तिसऱ्या जॉर्जच्या भावाने मनाविरुद्ध लग्न केल्यावर रागाच्या भरात केलेला. राजघराण्यातल्या वंशजाला पंचवीस वर्षांपर्यंत राजाची परवानगी लागे. त्यानंतर प्रिव्ही कौन्सिलला कळवायचं (तीच संस्था, जिच्या न्यायसमितीपुढे टिळकांचा ताई महाराज खटला गेला होता) आणि वर्षभर थांबायचं. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी हरकत घेतली नाही तर लग्नाला मोकळीक. राणी चर्च ऑफ इंग्लंडची प्रमुख, आणि पूर्वीचा जोडीदार हयात असताना घटस्फोटिताचं पुन्हा लग्न लावायला ते चर्च तयार नव्हतं. तेव्हा राणीने परवानगी देणं शक्य नव्हतं, नाकारणं तिच्या जिवावर आलं होतं. थांबा, असं सांगण्यात आलं.

आणि इथे तिसरी चूक आहे, मला सगळ्यात मोठी वाटणारी. पंचवीस पूर्ण झाल्यावर अडचण सुटेल, अशी समजूत त्या मुलीची होऊ दिली. लॅसल्सने आपल्याला तेव्हाच स्पष्ट सांगितलं असतं तर दोन वर्षं वाया गेली नसती, हा तिचा राग शेवटपर्यंत गेला नाही. आशा शिल्लक ठेवून माणसाची बदली करणं हा फार जुना कारकुनी उपाय आहे. फाइल बंद करायची नसते, कपाटात ठेवायची असते.

२१ ऑगस्ट १९५५ ला ती पंचवीस वर्षांची झाली. ऑक्टोबरात टाउनसेंड लंडनला आला आणि पत्रकारांची फौज दारात बसली. आता पंतप्रधान होते अँथनी ईडन, स्वतः घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न केलेले. पण मंत्रिमंडळातले लॉर्ड सॉल्सबरी राजीनाम्याची भाषा बोलत होते, आणि 'टाइम्स'ने अग्रलेखात राजकन्येला कर्तव्याची आठवण करून दिली. ३१ ऑक्टोबरला तिने निवेदन काढलं: ख्रिस्ती विवाह अभंग असतो ही चर्चची शिकवण आणि राष्ट्रकुलाबद्दलचं आपलं कर्तव्य लक्षात घेऊन लग्न न करण्याचं ठरवलं आहे. टाउनसेंडने लिहिलंय की त्या निवेदनाचा मसुदा त्यानेच आधी कागदावर उतरवला होता. स्वतःच्या मनाविरुद्धचं पत्र साहेबासाठी नीटनेटकं लिहून देणं. नोकरी तिथपर्यंत मुरली होती.

२००४ मध्ये खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांतून वेगळंच चित्र दिसलं. ईडन सरकारने एक वाट काढून ठेवली होती. मार्गारेटने आणि तिच्या मुलांनी गादीवरचा हक्क सोडायचा, एवढंच. किताब राहणार होता, वर्षाचे ६,००० पौंड राहणार होते, आणि लग्नानंतरची वाढही मिळायची होती. म्हणजे सगळं सोडून गरिबीत संसार करायचा की नाही, असा पेच तिच्यापुढे नव्हता. मग तिने नकार का दिला? धर्मश्रद्धा खरी होती. दोन वर्षांच्या दुराव्यात मन थोडं निवलंही असेल. बाहेरच्या माणसाने याहून पुढे बोलू नये.

लॉरेन्सचं उदाहरण

याच हुद्द्यावर तेहतीस वर्षांनी जवळजवळ हाच प्रसंग पुन्हा आला, आणि त्याच्याशी ताडून पाहिल्यावर पहिलं प्रकरण नीट उलगडतं. नौदलातला टिमथी लॉरेन्स १९८६ मध्ये राणीचा इक्वेरी झाला. राणीची मुलगी अ‍ॅन विवाहित होती. १९८९ मध्ये त्याने तिला लिहिलेली पत्रं चोरीला जाऊन एका वर्तमानपत्राच्या हाती लागली. गाजावाजा झाला. पण लॉरेन्सची मुदत तीन वर्षांची होती, ती १९८९ मध्ये संपली आणि तो नौदलात परतला. १९९२ मध्ये अ‍ॅनचा घटस्फोट झाला, आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला दोघांचं लग्न बालमोरलजवळच्या क्रॅथीच्या चर्चमध्ये लागलं. ते चर्च ऑफ स्कॉटलंडचं. तिथे घटस्फोटितांना मज्जाव नाही. लॉरेन्स पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल होऊन निवृत्त झाला.

काळ बदलला होता, हे तर उघडच आहे. पण मला त्याच्या त्या तीन वर्षांचं महत्त्व अधिक वाटतं. लॉरेन्सला परत जायला जहाज होतं. प्रेमात पडला तेव्हा आणि लग्न केलं तेव्हाही तो नौदलाचा अधिकारी होता, वाड्याचा आश्रित नव्हता. टाउनसेंड ब्रसेल्सला गेला तो वायुसेनेचा प्रतिनिधी म्हणून, पण ते काम म्हणजे त्याला दूर ठेवण्याची जागा, हे सगळ्या दूतावासांना माहीत होतं. तिथे तो हौशी स्वार म्हणून घोड्यांच्या शर्यतींत उतरू लागला. १९५६ मध्ये त्याने हवाई दल सोडलं आणि गाडी घेऊन एकटाच जगप्रवासाला निघाला.

आज हा हुद्दा तिन्ही दलांतल्या मेजर किंवा समकक्ष अधिकाऱ्याकडे जातो, साधारण तीन वर्षांसाठी. जन्माने घाना देशाचा एक घोडदळ अधिकारी २०१७ मध्ये राणीचा पहिला कृष्णवर्णीय इक्वेरी झाला. सहाव्या जॉर्जने युद्धात सुरू केलेली, वंशावळ न पाहण्याची रीत तिथवर आली. १७७२ चा कायदा २०१३ च्या कायद्याने मोडीत निघाला. आता गादीच्या क्रमातल्या पहिल्या सहा जणांनाच परवानगी लागते.

लॅसल्स निवृत्तीनंतर केन्सिंग्टन पॅलेसच्या जुन्या तबेल्यात राहायला गेला. तबेल्याचं घर केलेलं होतं. मार्गारेटही पुढे केन्सिंग्टन पॅलेसमध्येच राहायला आली. १९८१ मध्ये तो वारला, तोवर दोघं शेजारी होते. टाउनसेंडने १९५९ मध्ये एका बेल्जियन तरुणीशी लग्न केलं, मार्गारेटने १९६० मध्ये एका छायाचित्रकाराशी. ते अठरा वर्षांनी मोडलं.

आणि एक नोंद दरबाराच्या यादीतली. १९५३ मध्ये टाउनसेंडला सेवेतून बाहेर काढलं, तेव्हा 'जादा इक्वेरी' म्हणून त्याचं नाव मानाच्या यादीत ठेवलं होतं. कामकाज काही नाही, पगार नाही. ते काढायचं कुणाला सुचलं नाही, किंवा राणीने काढू दिलं नाही. जून १९९५ मध्ये तो फ्रान्समध्ये वारला, तोपर्यंत ते तिथेच होतं. तीन महिन्यांच्या बोलीवर झालेली नेमणूक एक्कावन्न वर्षं चालली.